दाराजवळच्या फळीवरची गोळी

हेनीला सर्दी झालीय हे ओहिनेरोआ गावात हेनीच्या आधी बाकीच्यांना कळलं. सोमवारी सकाळी ती पोस्टात शिंकली आणि दुपारच्या आत होहेपा म्हाताऱ्याचा फोन आला, "शनिवारचं काय करायचं मग?" हेनीनं नाक ओढलं, शनिवारचं शनिवारी होईल म्हणून सांगितलं आणि फोन आपटला.

शनिवारी मानूच्या थडग्याच्या दगडावरचं कापड काढायचं होतं. माणूस गेला की वर्षभरानं हा दिवस करायचा आणि आलेल्या सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं, ही इथली रीत. मानू हेनीचा पाठचा भाऊ, एकुलता एक. मेजावर दुसरं काही असो नसो, पावा हवाच. पावा म्हणजे खडकाला जळवेसारखा चिकटून बसणारा काळ्या मांसाचा मोठा शिंपला, आणि तो घरच्या माणसानं, घरच्या पाण्यातून, दम रोखून बुडी मारून काढलेला असला पाहिजे. पाठीला हवेची टाकी बांधून पावा काढायला कायद्यानं बंदी आहे. कायदा नसता तरी तसं करणाऱ्याला ओहिनेरोआत तोंड दाखवायला जागा उरली नसती. आणि विकतचा पावा मानूच्या मेजावर मांडण्यापेक्षा हेनीनं पाहुण्यांना उपाशी परत पाठवलं असतं.

घरात बुडी मारणारी माणसं दोनच होती, मानू आणि हेनी. मानू दगडाखाली जाऊन पडला. हेनीचे दोघे मुलगे ऑस्ट्रेलियात, पर्थला खाणीत, त्यांना आईच्या वाढदिवसाची आठवण आली तरी पुष्कळ. राहता राहिली एकसष्ट वर्षांची हेनी. गावाच्या वतीनं परवाने द्यायचं काम होहेपाकडे, आणि त्यानं जास्तीचा पावा काढायचा परवाना दिला होता तोही तिच्याच नावानं. आणि तिचं नाक सोमवारपासून गच्च.

सर्दी झालेल्या माणसानं बुडी मारू नये. खाली जाताना नाक चिमटीत धरून कानांत हवा फुंकायची असते. कान सुटले की पुढे जायचं. नाक चोंदलं की कान सुटत नाहीत, आणि तसंच खाली रेटलं तर कानात कुणी दाभण घातल्यासारखं होतं. हे पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे, म्हणून तर या किनाऱ्यावरचे सगळे बुडीवाले गोळी घेतात. नाक मोकळं करायची गोळी. घ्यायची, अर्धा तास खडकावर गप्पा मारायच्या आणि उतरायचं. गोळीचा जोर तळाशी असताना संपला तर वर येताना कान फुटायची वेळ येते, पण ते सांगणारा माणूस त्या खडकावर कधी बसलेला नसतो.

गोळ्या दोन जातींच्या. एक खरी. ती मध्ये बरीच वर्षं या देशात मिळतच नव्हती, कारण हलकट लोक तिच्यापासून नशेची पूड शिजवायचे. त्या वर्षांत ऑस्ट्रेलियाहून जो जो घरी आला त्यानं त्यानं चॉकलेटांबरोबर ही पाकिटं आणली, आणि घरोघरी चहाच्या डब्याशेजारी एखादी पट्टी असायचीच. आता ती पुन्हा मिळू लागली होती, पण औषधवाल्याच्या पाठीमागच्या कपाटातून, चार प्रश्न विचारून. दुसरी गोळी दाराजवळच्या फळीवर. रंगीत खोकं, खोक्यावर हसऱ्या बाईचं मोकळं नाक, हवी तेवढी उचला आणि पैसे टाका.

ओहिनेरोआत औषधाचं दुकान एकच आणि त्यात औषधं देणारी बाईही एकच. ती रिपेका, मानूची मुलगी. आई लवकर गेली म्हणून अर्धी हेनीच्याच स्वयंपाकघरात वाढलेली. मालक दूर शहरात बसायचा, दुकान रिपेका चालवायची.

मंगळवारी हेनी दुकानात शिरली ती सरळ काउंटरपाशी.

"खरी दे," ती म्हणाली.

रिपेकानं वर बघितलं. "आत्या, बस जरा. आधी प्रेशर बघू."

"माझं प्रेशर मला माहीत आहे."

"मलाही माहीत आहे. प्रेशरच्या गोळ्या न्यायला तू उन्हाळ्यानंतर एकदाही आलेली नाहीस."

"चक्कर यायची त्यानं."

"मग मला सांगायचंस. डॉक्टर दुसरी देतील. पण ही मी देणार नाही."

हेनीच्या मागे दोन माणसं उभी होती. त्यातला एक टूथपेस्टवरची बारीक अक्षरं फार मन लावून वाचू लागला.

"का देणार नाहीस?"

"ही नाकातल्या रक्ताच्या नळ्या आवळते, म्हणून नाक मोकळं होतं. पण नाक कुठं आणि डोकं कुठं हे गोळीला कळत नाही. सगळीकडच्या नळ्या आवळते. हृदय जोरात पळतं, प्रेशर चढतं. धडधाकट माणसाला सहसा काही होत नाही. तुझं आधीच चढलेलं आहे. त्यात तू गार पाण्यात दम रोखणार, त्यानंही चढतं. मी नाही देणार."

"तुझ्या बापाच्या मेजासाठी मागतेय मी. माझ्यासाठी नाही."

"माहीत आहे," रिपेका म्हणाली. तिचा चेहरा हलला नाही. "मिठाचं पाणी देते, नाक धू. हा फवारा देते, थोडं सुटेल."

"जन्मभर मिठाच्या पाण्यात नाक बुडवून बसलेय मी. तू मला मीठ विकतेस?"

फवारा मात्र तिनं घेतला, कारण तो फुकट होता. आणि बाहेर पडताना, रिपेका बघतेय हे बघून, दाराजवळच्या फळीवरचं एक खोकं उचललं आणि पुन्हा काउंटरवर आणून आपटलं.

"आत्या, ती गोळी नाकाला काहीही करत नाही," रिपेका हळू आवाजात म्हणाली.

"पैसे घे."

"खरंच सांगते. नाकापर्यंत पोचतच नाही ती. आतड्यात जाते आणि तिथंच मोडून जाते. तोंडानं घेतली तर नुसत्या साखरेच्या गोळीइतकाच उपयोग."

"तू नाही म्हणालीस की ती गोळी वाईट, तू विकलीस की ही गोळी चांगली, असं मी धरून चालते. पैसे घे."

रिपेकानं पैसे घेतले. टूथपेस्टवाल्यानं टूथपेस्ट तशीच ठेवली आणि काही न घेता निघून गेला. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं की भाचीनं आत्याला हात हलवत परत पाठवलं. ज्यांना रिपेका शहाणी वाटायची त्यांना ती शिष्ट वाटू लागली, आणि ज्यांना आधीच शिष्ट वाटायची त्यांना आनंद झाला.

हेनीनं त्या रंगीत खोक्यातल्या गोळ्या बुधवारभर घेतल्या. खोक्यावर लिहिलं होतं त्याप्रमाणे घेतल्या, मग खोक्यावर लिहिलं होतं त्यापेक्षा जास्त घेतल्या. हसरी बाई हसत राहिली. हेनीचं नाक जिथं होतं तिथंच. फवाऱ्यानं घटकाभर वारा आत-बाहेर झाला, पण कान बधिरच राहिले.

गुरुवारी सकाळी ओहोटी होती. हेनी खडकांवर गेली, अंगात रबराचा काळा पोशाख चढवला आणि उतरली. पहिल्या बुडीत कान सुटेनात. दुसऱ्या बुडीत डोकं खाली करून जोर लावला तसा डाव्या कानात जाळ झाला. तळ तिला दिसत होता. शेवाळाच्या पट्ट्या बाजूला सरत होत्या आणि त्यांच्याखाली पावा, तळहाताहून मोठे, एकमेकांना खेटून बसलेले. हात लांबवला तरी आणखी एका हाताचं अंतर राहत होतं. तिसऱ्यांदा ती गेली आणि वर आली तेव्हा मुखवट्यात नाकातलं रक्त होतं. ती खडकावर चढली, पिशवी उलटी करून त्यातलं पाणी झटकलं आणि रडली. रडण्यानं नाक आणखी बंद झालं, त्याचा तिला वेगळा संताप आला.

तामे वरच्या वाटेवर गाडी लावून बघत होता. तामे म्हणजे हेनीचा चुलतभाऊ. कुणाचं काही अडलं की हा मदतीला हजर, आणि मदत केली की वर्षभर ऐकवणार.

"काय बाई, पावा आज रजेवर आहेत वाटतं?" तो खाली येत म्हणाला.

"तुझ्या पोरांना उतरव मग. छाती आहे बैलासारखी."

"छाती आहे, अक्कल नाही. बोटाएवढे, मापाखालचे पावा घेऊन येतील आणि मासेमारी खात्याच्या साहेबाच्या हाती सापडतील." त्यानं खिशातून एक पट्टी काढली. "ही घे. पर्थची आहे. नव्या वर्षाला आणलेली. दोन टाक आणि अर्ध्या तासानं उतर. आपण सगळे हेच करतो की."

हेनीनं पट्टी हातात घेतली. तिथंच गिळली असती तर ही गोष्ट इथंच कुठंतरी संपली असती, भली किंवा वाईट. पण हेनीचा स्वभाव तसा नाही. तिला नुसती गोळी घ्यायची नव्हती. तिला ती रिपेकाच्या नाकावर टिच्चून घ्यायची होती.

ओले केस तसेच ठेवून ती दुकानात शिरली. गुरुवार म्हणजे पेन्शनवाल्यांचा दिवस, दुकानात बाकावर चार-पाच जण बसलेले. हेनी काउंटरपाशी गेली, पट्टीतल्या दोन गोळ्या काढून तळहातावर ठेवल्या आणि दुसरा हात पुढे केला.

"पाणी दे."

रिपेकानं गोळ्यांकडे बघितलं नाही. ती पट्टीकडे बघत राहिली. मग काउंटरची फळी उचलून बाहेर आली आणि हेनीच्या हातातून पट्टी घेऊन उलटी करून बघितली.

"तामेनं दिली?"

"कुणी का देईना. पाणी देतेस का नळावर जाऊ?"

"बाबांच्या पँटच्या खिशात अशीच होती," रिपेका म्हणाली.

तिनं पट्टीवरच्या चिठ्ठीवर बोट ठेवलं.

"दवाखान्यात त्यांचे कपडे माझ्याकडे दिले ना, ओले, पिशवीत घालून. त्यात चाकू होता, माप होतं आणि ही पट्टी होती. अशीच, पर्थच्या याच दुकानाची चिठ्ठी चिकटवलेली. दोन गोळ्या कमी."

हेनीला तो दिवस लख्ख आठवत होता. मानू भरली पिशवी घेऊन वर आला होता. खडकावर बसला, डोकं फार ठणकतंय म्हणाला, आणि बसल्या जागीच एका अंगावर कलंडला. मेंदूत रक्तस्राव झाला, असं डॉक्टर म्हणाले. पिशवीतले पावा त्याच्या अंत्ययात्रेच्या जेवणात वाढले होते, आणि हेनीनंच ते कुटून तळले होते.

"वर्षभर बोलली नाहीस," हेनी म्हणाली.

"काय बोलू? गोळीनं मारलं म्हणून सांगू? मला माहीत नाही, आत्या. कुणालाच कळणार नाही. त्यांचं प्रेशर होतंच, वय होतं, पाणी गार होतं. मला एवढंच माहीत आहे की ते माझ्या काउंटरला आले असते तर मी नाही म्हटलं असतं." तिचा आवाज आता घसरला. "म्हणून ते आलेच नाहीत. त्यांना माहीत होतं मी नाही म्हणेन. मुलगी दुकानात बसलेली, आणि बाप गोळी घ्यायला तामेकडे."

हेनीच्या तळहातावरच्या गोळ्या ओल्या हातानं चिकट झाल्या होत्या. इथं एखादी दुसरी बाई विरघळली असती, भाचीला जवळ घेतलं असतं, आणि वाचणाऱ्यानं डोळे पुसले असते. हेनीला राग आला. तो कुठून आला ते तिला आधी कळेना आणि मग कळलं. तिनं वळून दाराकडे बोट केलं.

"तो तामेकडे आधी नाही गेला," ती म्हणाली. "आधी त्यानं तिथली घेतली. मीच नेऊन दिली होती त्याला, तुझ्या त्या फळीवरची. दोन दिवस घेतली. काही झालं नाही, म्हणून मग तामेकडे गेला. मी काय केलं या आठवड्यात? मंगळवारी फळीवरची, गुरुवारी तामेची. त्याच्याच पावलावर पाऊल टाकत आलेय मी, बघ. जी नाक उघडते ती तू कुलपात ठेवतेस, ठेव. मी शिव्या देईन पण ठेव. पण जी काहीच करत नाही ती दाराशी रचून ठेवतेस, तिच्यावर बाईचा फोटो. ती घेऊन माणूस म्हणतो, दुकानातली फुसकी असते, खरी दुसरीकडून आणावी. अगं, लोकांना तामेच्या दारात कोण पाठवतं? तूच पाठवतेस!"

रिपेकानं फळीकडे बघितलं. तिचे कान लाल झाले होते, लहानपणी व्हायचे तसे.

"फळी मालकांची आहे," ती म्हणाली. "मी दोनदा सांगितलंय. खपतं ते ठेवायचं, असं म्हणतात. कायद्यानं विकायला परवानगी आहे, त्यानं कुणाला अपाय होत नाही म्हणतात."

"तू काय म्हणतेस?"

"मी पगार घेते त्यांचा."

"ते नाही विचारलं."

बाकावरच्या एका म्हाताऱ्यानं खोकला काढला आणि गिळला. हेनीनं तळहात पुढे केला, गोळ्या रिपेकाच्या डोळ्यांसमोर धरल्या.

"मी या घेणार नाही. तुझा बाप तुझ्याकडे आला नाही, मी आलेय. तू नाही म्हणालीस, मी ऐकते. माझ्या एकसष्ट वर्षांत मी कुणाचं ऐकल्याचं हे पहिलं उदाहरण आहे, हे सगळे साक्षीला आहेत. पण मग ती फळी रिकामी झाली पाहिजे. आत्ता, माझ्यादेखत."

"नोकरी जाईल माझी."

"जाऊ दे. तुझ्या आधी इथं माणूस मिळेना म्हणून दुकान किती दिवस बंद होतं ते मालकाला विचार. या गावात येऊन राहायला दुसरं कोण तयार आहे? त्याची धमकी त्यालाच परवडायची नाही."

रिपेकानं हातातली पट्टी काउंटरवर ठेवली. मग आतून एक रिकामं खोकं घेऊन आली, दाराजवळ गेली आणि कोपरानं सगळी फळी त्यात लोटली. हसऱ्या बाया एकीवर एक पडल्या. नंतर तिनं एका कागदावर जाड पेननं लिहिलं, ‘इथं जे होतं त्यानं नाक मोकळं होत नाही. सर्दी झाली असेल तर मला विचारा. रिपेका.’ आणि तो रिकाम्या फळीवर चिकटवला. बाकावरच्या म्हाताऱ्यानं पिशवीतून परवा घेतलेलं खोकं काढलं आणि पैसे परत मिळतील का विचारलं.

"मिळतील," रिपेका म्हणाली. मग हेनीकडे वळली. "आणि पावाचं काय?"

"पावा तू काढणार."

"मी? आत्या, मी पंधरा वर्षांत उतरलेली नाही."

"बापानं शिकवलंय ना? तुझं नाक उघडं आहे, प्रेशर नाही, आणि आत्ताच नोकरीवर लाथ मारायची तयारी दाखवलीस. उद्या ओहोटी सकाळी आहे. होहेपाला सांगून परवान्यावर तुझं नाव घालते."

शुक्रवारी सकाळी दुकानाचं दार बंद होतं, आणि ते बंद का आहे हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. रिपेका मानूच्या ढगळ पोशाखात पाण्यात होती आणि हेनी खडकावर ब्लँकेट गुंडाळून, हातात चहाचा थर्मास, नाकाशी रुमाल, आणि तोंड सारखं चालू.

"डावीकडे! अगं, तुझ्या डावीकडे! माझ्या नाही!"

रिपेका वर आली, दम घेत, हात रिकामा.

"दिसतात पण सुटत नाहीत."

"त्यांना कळलंय तू आलीस ते. हळू जा. एका झटक्यात हातातलं पातं त्याच्याखाली घाल आणि उचल, विचार करत बसू नकोस. तू औषध देतानाही फार विचार करतेस."

"तोच तर माझा धंदा आहे!"

"पाण्याखाली धंदा वेगळा. जा."

ती गेली. हेनी पाण्याकडे बघत राहिली आणि बघता बघता तिचाही दम रोखला गेला, नाक बंद असल्यामुळे तो लगेच सुटला. रिपेका वर आली तेव्हा तिच्या हातात एक पावा होता, मापाचा, मोठा, अंगावर गुलाबी शेवाळ. तिनं तो डोक्यावर धरला आणि ओरडली. काय ओरडली ते वाऱ्यात कळलं नाही. मानू असाच ओरडायचा, पण हे हेनीनं तिला सांगितलं नाही, फक्त तिला अजून डावीकडे जायला सांगितलं.

ओहोटी उलटेपर्यंत रिपेकाचे ओठ निळे पडले. पिशवीत सातच पावा होते. परवाना शंभराचा होता. रिपेका पिशवीकडे बघून रडवेली झाली.

"सात म्हणजे काय, आत्या? लोक हसतील."

"हसू दे," हेनी म्हणाली. "हसणाऱ्याला सोमवारी इथं घेऊन येऊ आणि उतरवू."

शनिवारी दगडावरचं कापड निघालं. मानूचं नाव उन्हात आलं, प्रार्थना झाली, गाणी झाली, रडणारे रडले आणि हात धुऊन सगळे जेवणाच्या मोठ्या घरात आले. मेजांवर जमिनीत पुरून भाजलेलं मटण होतं, रताळी होती, तळलेल्या ब्रेडचे डोंगर होते, तामेच्या पोरांनी आणलेल्या शिंपल्या होत्या. आणि प्रत्येक मेजावर एका लहान बशीत अंगठ्याएवढ्या काळ्या वड्या. सात पावा हेनीनं स्वतः कुटले होते, कांदा आणि अंडं घालून एवढे ताणले होते की आणखी ताणले असते तर कांद्याच्याच वड्या झाल्या असत्या.

वरच्या खाडीकडच्या मिरियामा आजीनं बशी उचलून नाकापर्यंत नेली आणि खाली ठेवली. मिरियामा चौऱ्याहत्तर वर्षांची, आणि कुणाच्याही घरचं जेवण नाव न ठेवता जेवली तर तिला अजीर्ण व्हायचं.

"हेनी," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "मानूच्या मेजावर एवढुसाच पावा? या खाडीतला पावा संपला, का तुमच्या घरातली माणसं?"

रिपेका परातीतलं रताळं वाढता वाढता थांबली. तामे आपल्या ताटात बघू लागला.

हेनी उठली. तिला वाटलं होतं लाज वाटेल. सोमवारपासून ती याच क्षणाला भीत होती. पण लाज वाटली नाही, उलट बरं वाटलं. नाक अजून बंद होतं, त्यामुळे आवाज ढोलातून आल्यासारखा निघाला.

"एवढाच आहे," ती म्हणाली. "माझ्या भावाच्या मुलीनं काढलाय, पंधरा वर्षांनी पाण्यात उतरून. सात. मला सर्दी आहे, ऐकू येतंच असेल. हातात गोळी होती, ती मी घेतली नाही. घेतली असती तर या मेजांवर पावाचा ढीग असता आणि पुढच्या वर्षी तुम्ही सगळे माझं कापड काढायला आला असता. मानूनं घेतली होती. त्यानंच तो गेला का, हे कुणी सांगू शकत नाही, माझी भाचीसुद्धा नाही, आणि ती शिकलेली आहे. पण प्रेशर असलेल्या माणसानं ती घेऊन गार पाण्यात उतरू नये, एवढं तिला माहीत आहे, आणि आता मलाही. इथं बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या खिशात पर्थची पट्टी आहे. मला माहीत आहे, मीही याच खडकांवर बसून वाढलेय. काढा."

कुणी हललं नाही.

"काढा म्हणते. मानूच्या मेजावर जेवायला बसलात ना? मग त्याला काहीतरी द्या." तिनं रिकामा शिंपला घेतला, सातांतला सगळ्यात मोठा, आतून निळा-हिरवा चकाकणारा, आणि मेजाच्या मधोमध ठेवला.

पहिल्यांदा तामे उठला. त्याचं तोंड राखेसारखं झालं होतं. एवढा मोठा झालेला बाप्या माणूस, पण शिंपल्यापर्यंत चालत येताना पाय घासत आला. त्यानं खिशातून एक पट्टी काढली, मग कोटाच्या आतून दुसरी, आणि दोन्ही शिंपल्यात ठेवल्या.

"मला माहीत नव्हतं, हेनी," तो म्हणाला. "आईशप्पथ, मदत म्हणून दिली होती."

"माहीत आहे," हेनी म्हणाली. "बस. जेव."

मग एकेक जण यायला लागला. कुणी हसत आला, कुणी चोरासारखा आला, एकजण म्हणाला गाडीत आहे, आणून देतो, आणि खरंच घेऊन आला. होहेपा म्हाताऱ्यानं, ज्यानं परवाना दिला त्यानं, काठी टेकत येऊन चुरगळलेलं अख्खं पाकीट टाकलं आणि कुणाकडे न बघता परत गेला. शिंपला भरला, पट्ट्या मेजावर सांडल्या. रिपेका प्रत्येकाला विचारत होती, प्रेशर आहे का, हृदयाचं काही आहे का, सोमवारी येऊन जा. ज्यांना काही नव्हतं त्यांना ती म्हणाली, तुम्हाला हवी तेव्हा माझ्याकडून घ्या, मी देईन, फक्त विचारून देईन.

सगळ्यात शेवटी मिरियामा आजीनं हातातली पर्स उघडली. रुमाल, चष्मा, विड्यासारखे गुंडाळलेले पेपरमिंट, असं एकेक बाहेर काढत तिनं तळाशी हात घातला आणि एक पट्टी काढून बशीशेजारी ठेवली.

"आजी!" रिपेका जवळजवळ किंचाळली. "तुमच्या छातीत मशीन बसवलंय ना?"

"मशीन छातीत आहे ग, नाकात नाही," मिरियामा म्हणाली. "मी काही बुडीबिडी मारत नाही. झोपताना नाक बंद होतं म्हणून एक घेते. नातू पाठवतो. दाराजवळची ती फोटोवाली आणली होती आधी, तिचा काही उपयोग होईना."

हेनीनं रिपेकाकडे बघितलं. रिपेकानं खुर्ची ओढली, म्हातारीसमोर बसली आणि तिचं मनगट हातात घेऊन नाडी बघू लागली. ओठ हलत होते, मोजत होती. मिरियामानं दुसऱ्या हातानं काळी वडी उचलली, तोंडात टाकली आणि बराच वेळ चघळत राहिली.

"कांदा जास्त झालाय," ती म्हणाली. "पण पावा मानूच्याच खडकावरचा आहे, तेवढं कळतं."

मालकाचा फोन दुपारीच येऊन गेला होता. फळीचा फोटो कुणीतरी पाठवला होता त्याला. सोमवारी स्वतः येतोय म्हणाला. भांडी घासताना रिपेकानं हेनीला हे सांगितलं, अगदी सहज सांगितल्यासारखं, पण तिच्या हातातली बशी दोनदा निसटली.

"किती वाजता येणार आहे?"

"दुकान उघडताना."

"बरं झालं. मी त्याच वेळी येणार आहे." हेनीनं ओला हात ॲप्रनला पुसला आणि बाही कोपराच्या वर सरकवली. "तुझं ते यंत्र काउंटरवर काढून ठेव. त्याच्यादेखत माझं प्रेशर बघ. मागे रांग असेल, होहेपा आहे, तामे आहे, ती मिरियामासुद्धा येते म्हणालीय. त्याला म्हणावं, फळी भरायचीच असेल तर आधी या रांगेतून वाट काढ."

रिपेका हसली, मग तिला रडू आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे तिचं नाक चोंदलं.

"आणि हे बघ," हेनी म्हणाली, "आकडा जास्त आला तर चारचौघांत ओरडायचं नाही मला. गोळ्या दे, मी घेईन. तुझ्या बापासारखी पळून जाणार नाही."